मुरगावचा धक्का आणि कोल्हापूरची वाघीण : एका तुटलेल्या सांध्याचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूरपासून पश्चिमेला सरळ रेषेत मोजले तर समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. रुळांवरून तिथे जायचे झाले तर गाडी आधी पूर्वेला निघते, ४७ किलोमीटरवरच्या मिरजेला पोचते आणि तिथून उत्तरेला मुंबईकडे किंवा दक्षिणेला गोव्याकडे वळते. १८९१ साली असेच होते, आजही असेच आहे. कोल्हापूर स्टेशन हे टोकाचे स्टेशन. रूळ शाहूपुरीत येऊन संपतात आणि सह्याद्री पलीकडे तसाच राहतो.

कोल्हापुरात वाघिणीत (रेल्वेच्या मालडब्यात) भरलेला माल मध्ये कुठेही न उतरवता थेट जहाजाच्या कडेला नेता येईल, असा मार्ग १८९१ मध्ये तयार झाला होता. तो रत्नागिरीचा नव्हता, वेंगुर्ल्याचाही नव्हता. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुरगावचा होता. तो कसा जुळला, जुळल्यावर वर्षाच्या आत त्यात पाचर कशी बसली आणि पुढे गेजबदलाने (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) तो मिरजेत कसा तुटला, हे या प्रकरणात पाहायचे आहे. कोल्हापूर–वैभववाडी या कोकणात उतरणाऱ्या नियोजित रेल्वेमार्गाची चर्चा होते तेव्हा बोगदे किती आणि खर्च किती, एवढेच बोलले जाते. धक्का आणि रूळ यांच्यामधल्या शेवटच्या टप्प्यात काय होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. जुन्या प्रकरणात तो हिशेब स्पष्ट दिसतो.

रेल्वेपूर्वीची वाट : माल किती वेळा हाताळला जाई

घाटावरून कोकणात उतरायला कोल्हापूरला वाटा कमी नव्हत्या. मलकापूरवरून आंबा घाटाने रत्नागिरी, अणुस्कुरा घाटाने राजापूर, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने खारेपाटण, राधानगरीकडून फोंडा घाटाने देवगड-मालवणचा पट्टा. इंग्रजांनी सतराव्या शतकात राजापुरात वखार घातली ती याच कारणासाठी : घाटावरचा माल तिथे खाडीच्या पाण्यापर्यंत उतरत होता. पुढे राजापूरची खाडी गाळाने भरत गेली. शहरापर्यंत येणारी गलबते खालीच थांबू लागली आणि मोठ्या बोटींना तर जैतापूर-मुसाकाजीच्या तोंडाशीच उभे राहावे लागे. खारेपाटणचेही तेच झाले. बंदर नकाशावर जागच्या जागी राहते, खोल पाणी मात्र मैलोन्‌मैल खाली सरकते. आणि जेवढे ते सरकते तेवढा एक टप्पा मालाच्या प्रवासात वाढतो.

कोल्हापूरचा मुख्य माल गूळ. बाजारात मोठा रवा, म्हणजे गुळाची ढेप, साधारण तीस किलोचा धरतात. दहा टन गूळ म्हणजे असे सुमारे ३३० रवे. रत्नागिरीमार्गे हे रवे मुंबईला न्यायचे तर प्रत्येक रवा किती हातांतून जाई, ते पाहू. गुऱ्हाळावरून आलेली गाडी पेठेत उतरवायची, तोल झाला की पुन्हा गाडीत भरायचे, बंदरावरच्या गोदामात उतरवायचे, गोदामातून पडावात (किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माल नेणाऱ्या होडीत), पडावातून बोटीत, मुंबईच्या धक्क्यावर बोटीतून खाली आणि तिथून घेणाऱ्याच्या गाडीत. ही सात वेळची हाताळणी. घाटात जादा बैल जोडावे लागले किंवा गाडी हलकी करून दोन खेपा कराव्या लागल्या, तर आठवी. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते. रत्नागिरीची सुमारे १३० किलोमीटरची वाट म्हणजे पाच-सहा मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला दव आणि उंदीर आलेच.

गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. घाटमाथ्यावरच्या कोरड्या थंडीत टणक असलेला रवा किनाऱ्याच्या दमट हवेत आठवडाभर राहिला की पाघळायला लागतो, बारदान चिकट होते आणि खालच्या थरातले रवे वरच्या वजनाने बसतात. त्यामुळे बंदरावरच्या गोदामात बोटीची वाट पाहण्यात जाणारे दिवस हे निव्वळ वेळेचे नुकसान नव्हते, मालाची प्रतही त्याच दिवसांत उतरत होती. एक गोष्ट मात्र जमून आलेली होती. गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात. कोकणची बंदरेही नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू उघडून मेच्या अखेरीस बंद होत. गुळाचा हंगाम आणि समुद्राचा हंगाम एकच होता. म्हणूनच ही वाट इतकी हाताळणी सोसूनही टिकली.

पडावाचा टप्पा सगळ्यांत नाजूक. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इथे किनाऱ्यालगत खोल पाणी नसल्याने आगबोट बाहेर नांगर टाकून उभी राही. माणसे आणि माल पडावातून तिच्यापर्यंत जात. ओहोटी असली तर पडावही किनाऱ्याला लागत नसे. मग गुडघाभर-कमरेएवढ्या पाण्यातून माल डोक्यावर आणि प्रवासी खांद्यावर. बोटीच्या कुशीला पडाव लागला की तो लाटेबरोबर वर-खाली होत राहतो, बोट मात्र तेवढी हलत नाही. पडाव लाटेवर वर येईल त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा किंवा मालाची झोळी उचलायची असते. क्षण चुकला की झोळी पडावाच्या काठावर आपटते. साखर-गुळाच्या पोत्यांची जी नासधूस होई ती बहुतेक याच ठिकाणी. वारा वाढला तर बोट थांबतच नसे, पुढच्या बंदराला निघून जाई.

१८९१ : मीटरगेजचा अखंड धागा

सदर्न मराठा रेल्वेने पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग १८८०च्या दशकात बांधायला घेतला आणि १८९०च्या सुमारास तो पुण्यापर्यंत सलग झाला. हा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर असलेला. पुण्यापासून मुंबईकडे जाणारी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे ब्रॉडगेजची, १६७६ मिलिमीटरची. कोल्हापूर संस्थानाने मिरज–कोल्हापूर फाटा स्वतःच्या खर्चाने बांधला. शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये कामाचा प्रारंभ झाला, एप्रिल १८९१ मध्ये मार्ग खुला झाला आणि तो चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे दिला गेला. अर्थातच तोही मीटरगेज. पुढे १८९५ मध्ये महाराजांनी स्टेशनला लागून शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. पेठ रुळांजवळ आणली, म्हणजे गावातून स्टेशनपर्यंतची एक गाडीभरणी कायमची वाचली. कोल्हापूरच्या वाहतुकीच्या इतिहासात हा निर्णय पुलांइतकाच मोलाचा आहे, असे आमचे मत.

लोंढ्याहून एक फाटा पश्चिमेला कॅसलरॉककडे जातो. तिथून घाट उतरून मुरगावपर्यंत ८२ किलोमीटरचा मार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीने बांधला होता. तोही मीटरगेज, आणि १८८८पर्यंत पुरा झालेला. कंपनीच्या कंत्राटात रेल्वेबरोबर बंदरही होते : लाट अडवणारा बांध आणि त्याच्या आडोशाला जहाज लागेल असा धक्का. कोकणातल्या बाकी बंदरांपेक्षा मुरगाव वेगळे ठरते ते इथे. जुवारी नदीच्या मुखाशी दक्षिण बाजूने पुढे आलेले मुरगावचे टोक नैर्ऋत्येचा वारा अंगावर घेते, बांध उरलेली लाट अडवतो आणि आत जहाज धक्क्याला बारा महिने लागू शकते. रत्नागिरी-वेंगुर्ल्याची बंदरे पावसाळ्यात बंद असत, तेव्हाही.

आता अंतरे मांडू. कोल्हापूर–मिरज ४७, मिरज–बेळगाव १३८, बेळगाव–लोंढा सुमारे ५१, लोंढा–कॅसलरॉक सुमारे २५ आणि पुढे ८२. एकूण ३४३ किलोमीटरच्या आसपास. सगळा मार्ग एका गेजचा. कोल्हापुरात सील लावलेली वाघीण तशीच मुरगावच्या धक्क्यावर उभी करता येणार. याउलट मुंबई ५१८ किलोमीटर आणि वाटेत पुण्याला गेजबदल. हाताळणी मोजली तर मुरगावमार्गे जहाजात चढेपर्यंत दोन वेळा : कोल्हापुरात वाघिणीत आणि मुरगावात वाघिणीतून जहाजात. जहाज लागलेले नसले तर गोदामात एकदा उतरवणे आणि पुन्हा उचलणे, म्हणजे तीन. रत्नागिरीच्या वाटेने बोटीत चढेपर्यंतच पाच होत होत्या.

हा हिशेब फक्त समुद्रापलीकडे किंवा दूरच्या बंदरांना जाणाऱ्या मालाचा आहे, हे सांगायलाच हवे. जो गूळ मुंबईच्याच बाजारात विकायचा, त्याला मुरगावला नेण्यात अर्थ नव्हता. पुण्यात एकदा वाघीण बदलली की तो थेट शहरात पोचत होता. कोल्हापूरची रेल्वे आल्यावर मुंबईच्या मालाने घाटाची आणि पडावाची वाट सोडली ती या कारणाने. वेंगुर्ल्याचे तर आणखीच बिनसले. बेळगावकडचा कापूस आणि धान्य ज्या रस्त्याने वेंगुर्ल्याला उतरत होते, तो रस्ता सदर्न मराठा रेल्वे चालू होताच ओस पडू लागला आणि बंदराचा व्यापार घसरला.

धक्क्यावरचे काम

धक्का आणि रूळ शेजारी असले म्हणजे अदलाबदल आपोआप सोपी होते, असे नाही. कोणत्याही बंदरातल्या धक्क्यावर कामाचा क्रम साधारण असा असतो. जहाज लागण्याच्या आधी त्याच्या कोणत्या कोठारात कोणता माल, याची यादी येते. त्या कोठाराच्या समोर येतील अशा क्रमाने वाघिणी यार्डात लावून घ्याव्या लागतात. इथेच पहिली चूक होते. यार्डात गाडी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ती धक्क्यावर ढकलली, तर तिसऱ्या कोठाराची वाघीण पहिल्या कोठारासमोर येते. मग एक तर वाघिणी पुन्हा मागे ओढून लावायच्या, नाही तर हमालांनी माल धक्क्यावर आडवा वाहायचा. दोन्हींत जहाजाचा वेळ जातो, आणि धक्क्यावरचा सगळ्यांत महाग वेळ जहाजाचा.

वाघीण जागेवर आली की सील तपासून तोडायचे, नोंदकाराने पोती किंवा रवे मोजायचे, झोळीत ठराविक संख्येने रचायचे, जहाजाच्या डेरिकने (माल उचलण्याच्या यारीने) उचलायचे. झोळीत प्रत्येक वेळी सारखीच संख्या ठेवली तर मोजणी झोळ्यांवर करता येते. कमी-जास्त ठेवली तर प्रत्येक नग मोजावा लागतो आणि संध्याकाळी जहाजाची नोंद आणि रेल्वेची नोंद जुळत नाही. गुळासारख्या मालाला झोळीचा दाब सोसत नाही, तिथे लाकडी पाट वापरावा लागतो. भरतीबरोबर जहाज वर चढते, ओहोटीला खाली जाते. माल चढत जाईल तसेही ते खाली बसते. फळी आणि दोर दर थोड्या वेळाने जुळवून घ्यावे लागतात.

दुसरी अडचण फेऱ्यांची. मुंबईला जहाजे सतत लागत होती. मुरगावला ती मोजकी. वाघीण दोन-तीन दिवसांत धक्क्यावर पोचते आणि जहाज आठवड्याने येते, अशी गाठ पडली की वाघीण अडकून राहते, डेमरेज (वाघीण अडकवून ठेवल्याचा आकार) चढते, म्हणून माल गोदामात उतरवावा लागतो. आणि दमट किनाऱ्यावर गोदामात पडलेल्या गुळाचे काय होते ते वर आलेच आहे. छोट्या व्यापाऱ्याला बारा महिन्यांचा उघडा धक्का जेवढा महत्त्वाचा, तेवढीच पुढच्या जहाजाची खात्रीची तारीखही. मुरगावला पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

जानेवारी १८९२ : कॅसलरॉकचा नाका

हा सगळा मार्ग डिसेंबर १८७८ मध्ये झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज कराराच्या आधारावर उभा होता. करार १८८०पासून बारा वर्षांसाठी होता. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत त्याने काढून टाकली, मिठाचे उत्पादन इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेले आणि बदल्यात रेल्वे व बंदर बांधण्याची वाट मोकळी झाली. पोर्तुगीज सरकारने कंपनीच्या भांडवलावर व्याजाची हमी दिली होती, आणि उत्पन्न कमी पडल्याने तो भार त्या सरकारवरच पडत राहिला.

कराराची मुदत जानेवारी १८९२ मध्ये संपली आणि तो वाढवला गेला नाही. कोल्हापूरची रेल्वे उघडली एप्रिल १८९१ मध्ये. म्हणजे कोल्हापूर ते मुरगाव हा अखंड, जकातमुक्त मार्ग जेमतेम नऊ महिने मिळाला. त्यानंतर हद्दीच्या अलीकडे कॅसलरॉकला ब्रिटिशांचा आणि घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांचा नाका बसला. रुळांना काही झाले नव्हते, घाटाला काही झाले नव्हते, धक्का पहिल्यासारखाच होता. वाघीण मात्र आता दोन ठिकाणी थांबत होती. नाक्यावरचा थांबा काही तासांचा असला तरी त्याची अनिश्चितता गाडीच्या वेळापत्रकात मावत नाही : कागद अपुरा निघाला तर एक वाघीण कापून ठेवावी लागते, आणि चुकून एकाच मालाच्या दोन वाघिणी वेगळ्या झाल्या की धक्क्यावरची मोजणी जहाज सुटेपर्यंत पुरी होत नाही. व्यापारी थांबण्याला जेवढा भितो त्याहून जास्त, किती थांबावे लागेल हे न कळण्याला भितो.

दर ठरवणाऱ्या कंपन्याही दोन होत्या. कॅसलरॉकपर्यंतच्या मार्गाचे उत्पन्न एका कंपनीचे, तिथून मुरगावपर्यंतचे दुसरीचे. १९०२ मध्ये मुरगावचा मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले, तेव्हा ही फूट निदान कारभारापुरती मिटली. जकातीची हद्द मात्र तशीच राहिली.

घाट : १:३७ म्हणजे काय

कुळे ते कॅसलरॉक हे सुमारे २६ किलोमीटर. वाटेत दूधसागर, करंझोळ, सोनावळी ही ठिकाणे. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. सपाट रुळावर एक टन वजन ओढायला चार-पाच किलो एवढाच जोर लागतो. १:३७च्या चढावर त्यात १००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोची भर पडते. जे इंजिन सपाटीवर पूर्ण गाडी ओढते, त्याच्या ताकदीत इथे सहावा-सातवा हिस्सा गाडी चढते. म्हणून मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात, किंवा गाडी तोडून दोन-तीन खेपांत चढवावी लागते. आजच्या ब्रॉडगेजवरही मालगाडीला इथे एकाहून जास्त बँकर लागतात.

निर्यातीचा भरलेला माल घाट उतरतो आणि रिकाम्या वाघिणी वर येतात, ही या मार्गाची जमेची बाजू. पण उतरताना प्रश्न ओढण्याचा नसून रोखण्याचा असतो. कॅसलरॉकला प्रत्येक वाघिणीचे ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. उतारावर वेग आटोक्यात ठेवताना ब्रेक सतत घासत राहतात, चाके तापतात, ती निवण्यासाठी मध्ये थांबे घ्यावे लागतात. गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला चढाच्या फाट्यावर वळवून थांबवणाऱ्या कॅच साइडिंग घाटात ठेवलेल्या आहेत. अशा ठिकाणी गाडीचा रूळ बदलणारा सांधा नेहमी साइडिंगच्या बाजूलाच लावलेला असतो. चालकाने गाडी पूर्ण थांबवून शिटी दिली, गाडी ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच मुख्य मार्ग मिळतो. पावसाळ्यात दरडींची भर. या घाटाची दिवसाला किती वाघिणी उतरवण्याची कुवत आहे, तीच मुरगाव बंदराची घाटावरच्या मुलखापुरती खरी कुवत. धक्क्याची लांबी वाढवून ती वाढत नाही.

१९५५ आणि १९७१

गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि हद्दीवरून जाणारी रेल्वे वाहतूक थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा १८९२ची जकातीची हद्दही एकदाची गेली. सत्तर वर्षांनी मार्ग पुन्हा मोकळा झाला होता, आणि कोल्हापूर अजून मीटरगेजवरच होते.

१९७१ मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. कोल्हापूरसाठी हा निर्णय बरोबरच होता. मुंबईला थेट गाडी मिळाली, पुण्यातली अदलाबदल गेली, गुळाची वाघीण उत्तरेत कुठेही न बदलता जाऊ लागली. पण मिरज–लोंढा आणि पुढचा गोव्याचा मार्ग मीटरगेजच राहिला. पुण्याला असलेला गेजचा सांधा उचलून मिरजेत आणला गेला, एवढाच त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या वाघिणीला मुंबईची वाट मोकळी झाली आणि मुरगावची बंद झाली.

गेजबदलाच्या ठिकाणी काय होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन गेजचे रूळ एका फलाटाच्या दोन बाजूंना आणतात आणि माल आडवा हलवतात. कागदावर हे दहा पावलांचे काम. प्रत्यक्षात दोन्ही वाघिणींच्या तळाची उंची सारखी नसते, त्यामुळे एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला उचल पडते. क्षमताही जुळत नाही : मीटरगेजच्या वाघिणीतला माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत अर्धीच जागा घेतो, मग ती भरण्यासाठी दुसरी वाघीण येईपर्यंत थांबायचे, नाही तर अर्धी रिकामी सोडायची. दोन मालकांचा माल एकत्र झाला की चिठ्ठ्या आणि रेल्वे रसीद यांचा गोंधळ होतो. एका गेजच्या वाघिणी वेळेवर आल्या नाहीत की दुसऱ्या गेजच्या भरलेल्या वाघिणी यार्डात रांग लावतात, आणि दोन्हींकडचे वेळापत्रक एकदम बिघडते. फुटलेला रवा नेमका कुठे फुटला, हे ठरवता येत नाही, म्हणून नुकसानभरपाईचा दावा दोन्ही टोकांना फिरत राहतो.

प्रवाशांच्या बाबतीत मिरजेचा सांधा अनेकांना आठवत असेल. मुंबईहून गोव्याला रेल्वेने जाणारा माणूस ब्रॉडगेजच्या गाडीने मिरजेला यायचा आणि तिथून मीटरगेजची गाडी पकडायचा. ट्रंका, वळकट्या, मुले आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन पूल ओलांडायचा. पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी थांबवायची की सोडायची, हा रोजचा पेच. थांबवली तर पुढच्या एकेरी मार्गावरची सगळी क्रॉसिंगे सरकतात, सोडली तर शेकडो माणसे मिरजेत रात्र काढतात. १९९०च्या दशकात मिरज–लोंढा आणि लोंढा–गोवा मार्ग ब्रॉडगेज झाले तेव्हा हा सांधा संपला. कोल्हापूर ते मुरगाव हा धागा पुन्हा एका गेजचा झाला. पण तोवर न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये चालू झाले होते, निर्यातीचा माल कंटेनरमध्ये जाऊ लागला होता आणि कोल्हापूर-इचलकरंजीच्या कारखान्यांच्या दारात ट्रेलर उभे राहू लागले होते.

प्रवाशांचा धक्का : शाहूपुरी

मालाची गोष्ट मुरगावकडे गेली तरी कोकणच्या माणसांसाठी कोल्हापूर स्टेशन हेच पावसाळी बंदर होते. आगबोटी बंद झाल्या की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडची माणसे घाट चढून कोल्हापूरला येत आणि इथून रेल्वेने पुण्या-मुंबईला जात. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या खाड्यांवर पूल होईपर्यंत दक्षिण कोकणाला हीच सलग खुश्कीची वाट होती. एस.टी. आल्यावर ही वाट पक्की झाली. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वळकटी खांद्यावर टाकून माणूस काही मिनिटांत एका वाहनातून दुसऱ्यात बसतो. चांगल्या अदलाबदलीला याहून जास्त काही लागत नाही. मुंबईत कोकणच्या बोटी लागत त्या भाऊच्या धक्क्याला अशी रेल्वे नव्हती, उलट विलायतेच्या टपालबोटींसाठी बॅलार्ड पिअरला १९२०पासून गाडी धक्क्यापर्यंत जाई. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसात समुद्राची वाट धरण्याचा धोका महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिला. घाटाची वाट लांबची होती, कष्टाची होती, पण जुलैमध्ये ती माणसांना पोचवत होती.

कोल्हापूरचा समुद्राशी आज सर्वांत नियमित चालणारा संबंध मासळीचा आहे, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. रत्नागिरी, मालवण, देवगडहून रात्री निघालेला ट्रक पहाटे कोल्हापूरच्या बाजारात असतो. मासळीला साधारण तिच्या वजनाएवढा बर्फ. बंदरावर एकदा भरायचे, बाजारात एकदा उतरवायचे, मध्ये सांधा नाही. घाटात दरड आली तर दुसरा घाट. रेल्वेने या मालाशी स्पर्धा करायची तर तिला दोनच्या जागी चार वेळा हाताळणी करावी लागेल, आणि बर्फ तोवर थांबणार नाही.

वैभववाडीचा मार्ग याच फुटपट्टीने

कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६च्या सुमारास मंजूर झाला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि कोकणात उतरताना त्यातले सुमारे पाचशे मीटर सोडायचे आहेत. १:३७च्या उताराने हे वीस किलोमीटरहून थोडे कमी अंतरात होते, पण मग कॅसलरॉकचे बँकर, कॅच साइडिंग आणि तुटलेल्या गाड्या सगळे पदरात येते. १:१०० ठेवला तर पन्नास किलोमीटर उतार लागतो. कोकण रेल्वेने स्वतःचा चढ १:१५० ठेवला. त्या हिशेबाने ७५ किलोमीटर. उतार जितका सौम्य, तितके बोगदे लांब आणि खर्च जास्त, पण इंजिन एकच. हा निर्णय बांधताना एकदाच घेता येतो. तेव्हा मार्गाच्या अहवालात सर्वांत आधी पाहायचा आकडा हा, एकूण किलोमीटर नव्हे.

दुसरा मुद्दा कोल्हापूर स्टेशनचा. ते टोकाचे असल्याने मिरजेकडून आलेली मालगाडी कोकणाकडे न्यायची तर एक तर शहरातून पश्चिमेला रूळ काढायचे किंवा शहराबाहेरून फाटा द्यायचा. फाटा दिला नाही तर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे काम प्रत्येक गाडीला येईल. गूळ मार्केट स्टेशनचे मालयार्ड आणि नवा मार्ग यांची जोडणी या फाट्यावरूनच ठरेल. पंचगंगेला पूर आला की रुकडीच्या पुलाजवळ पाणी येऊन गाड्या मिरजेतच थांबतात, हे २०१९ आणि २०२१ मध्ये दोनदा झाले आहे. कोकणाकडून पर्यायी वाट म्हणून नवा मार्ग मोजायचा असेल, तर फाटा नदीच्या कोणत्या बाजूला निघतो हे महत्त्वाचे ठरते.

तिसरा मुद्दा शेवटच्या टप्प्याचा. वैभववाडीला रूळ कोकण रेल्वेला मिळतील, समुद्राला मिळणार नाहीत. वाघोटण खाडीच्या तोंडावरचे विजयदुर्ग बंदर तिथून रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर. जयगडला खोल पाण्याचे बंदर २००९पासून आहे, पण तिथेही रूळ धक्क्यापर्यंत गेलेले नाहीत. माल ट्रकनेच येतो-जातो. घाटमाथ्यावरून साखरेचे पोते वाघिणीत चढवले, वैभववाडीत ट्रकमध्ये उतरवले आणि बंदरात पुन्हा उतरवले, तर कारखान्यातून थेट ट्रकने नेण्यापेक्षा हाताळणी वाढते. त्या परिस्थितीत कोणताही कारखाना वाघीण मागणार नाही. विजयदुर्गपर्यंतचा फाटा पहिल्याच टप्प्यात धरला नाही, तर वैभववाडीला निदान कंटेनर उचलण्याची सोय आणि पूर्ण लांबीची मालगाडी उभी राहील असा, म्हणजे किमान ६८६ मीटरचा लूप (मुख्य मार्गालगत गाडी बाजूला उभी करायचा रूळ) आजच आखून ठेवावा लागेल. डोंगराच्या कुशीतल्या त्या स्टेशनात नंतर लूप वाढवायचा म्हटले तर एका बाजूला डोंगर खणावा आणि दुसऱ्या बाजूला भराव घालावा लागतो, आणि ते काम चालू मार्गावर करायचे म्हणजे कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावरचे ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवलेला वेळ) मागत बसावे लागते.